आइसलँडचे उंच पिकअप आणि ३८ इंची टायर

आइसलँडमधील बर्फाच्छादित पठारांवर धावणाऱ्या टोयोटा हायलक्सला ३८ इंच व्यासाचे टायर बसवले जातात, कारण त्यांतील हवेचा दाब अगदी ३-४ पीएसआयपर्यंत उतरवला की टायर पसरतो, गाडीचे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते आणि भुसभुशीत बर्फात रुतण्याऐवजी ती वरून निघून जाते. मूळ टायर सुमारे ३१ इंचांचा असल्याने नवा टायर चाकाच्या कमानीत मावत नाही. म्हणून सस्पेन्शन, म्हणजे चाके व सांगाडा यांना जोडणारी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरची यंत्रणा, उंच केली जाते आणि कमानीचा पत्राही कापला जातो.

येथेच मोठा गैरसमज होतो. सस्पेन्शन उंचावल्याने सांगाडा वर जातो, पण मागच्या अखंड ॲक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरसंचाचा, गोळा, जो दगडावर सर्वांत आधी आपटतो, तो जागचा हलत नाही. त्याला उंची मिळते ती केवळ टायरमुळे, आणि तीही व्यासातील वाढीच्या निम्मी, म्हणजे साडेतीन इंच.

पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर असल्यामुळे गाडी फार उचलल्यास त्यांना शक्ती पोहोचवणाऱ्या शाफ्टचा कोन वाढून सांधे लवकर झिजतात, म्हणून जाणकार कारागीर पुढचा डिफरन्शियलही खाली घेतात. मोठे चाक फिरवण्याचा इंजिनावरील ताण कमी करण्यासाठी डिफरन्शियलचे गिअर बदलले जातात. गिअर आणि स्पीडोमीटर मूळचेच राहिले, तर काटा ८० वर असताना गाडी ताशी सुमारे ९८ किलोमीटर वेगाने धावत असते.