प्रभुभोजन : मी पात्र आहे का?

"चर्चमध्ये ते भाकर आणि द्राक्षारस देतात, ते नक्की काय असतं रे?" कंपनीच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न मला कोणीतरी हमखास विचारतंच. आज त्याचं उत्तर देतो. आणि मधले आठ महिने मी स्वतः ती भाकर का घेतली नाही, तेही सांगतो.

आधी साधी माहिती. ज्या रात्री येशू पकडला गेला, त्याच रात्री आधी तो शिष्यांबरोबर जेवायला बसला. त्याने भाकर मोडून दिली, प्याला दिला आणि आपल्या आठवणीसाठी हे करत राहायला सांगितलं. त्यालाच आम्ही प्रभुभोजन म्हणतो. कॅथलिक मंडळी ते मिस्सामध्ये घेतात. त्यांच्या श्रद्धेनुसार भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. आमच्यासारख्या बऱ्याच प्रोटेस्टंट घरांत ती स्मरणाची खूण मानतात. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी पावाचा तुकडा आणि छोट्या कपात द्राक्षाचा रस देतात.

आता माझी अडचण. मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशिनवर काम करतो. इथे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, रविवार कामाचा. नाईट संपवून, कुलंटच्या वासाच्या कपड्यांतच मी चर्चला जायचो. शेवटच्या बाकावर बसायचो. एका रविवारी भोजनाआधी पौलाच्या पत्रातला इशारा वाचला गेला : जो अयोग्य प्रकारे खातो तो दोषी ठरतो. मला वाटलं, हे माझ्यासाठीच आहे. प्रार्थना धड होत नाही, सुपरवायझरला मनात शिव्या, जमिनीवरून गावाकडच्या भावाशी बोलणं बंद. ताट समोर आलं, मी तसंच पुढे सरकवलं. पुढच्या महिन्यातही तेच. मग सवयच लागली.

शेवटी पास्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एक ओळ धरून बसू नकोस. अख्खा अकरावा अध्याय वाच."

वाचला. करिंथकरांस पहिले पत्र, साधारण इ.स. ५५ च्या सुमाराचं. करिंथ म्हणजे ग्रीसमधलं व्यापारी शहर. तिथले विश्वासणारे एकत्र जमायचे आणि प्रभुभोजन म्हणजे तेव्हा खरंखुरं जेवण असायचं. पण ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन-पिऊन मोकळे, काहीजण तर चक्क झिंगलेले. ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी. काही अभ्यासक म्हणतात, गुलाम आणि मजूर काम आटपून उशिरा पोचत असावेत. म्हणजे आपले सेकंड शिफ्टवालेच की!

पौल चिडला तो यावर. 'अयोग्य' हे तो माणसाला म्हणत नाही, खाण्याच्या पद्धतीला म्हणतो. मूळ ग्रीक शब्दही क्रियाविशेषण आहे. स्वतःची परीक्षा करा, असं तो सांगतो, पण परीक्षा करून मग खा म्हणतो, लांब राहा म्हणत नाही. आणि शेवटी उपाय काय? एकमेकांसाठी थांबा. बस, एवढंच.

आपल्या महाराष्ट्राला हे कळायला अवघड नाही. कोण कोणाच्या हातचं खातो, यावरून इथे माणसाची जागा ठरायची. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्यांच्या मनातलं सोवळं-ओवळं कसं सुटत गेलं, ते त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय. अशा समाजात सगळ्यांनी एका भाकरीतलं खाणं हा नुसता विधी नव्हता.

मग मीही परीक्षा केली. प्रश्न बदलला होता. 'मी पात्र आहे का?' हे विचारायचं सोडलं. 'मी कोणाला ताटावरून उठवलंय?' हे विचारलं. उत्तर लगेच आलं. गुरुवारी भावाला फोन लावला. दोन मिनिटं बोललो, पावसाचं आणि आईच्या गुडघ्याचं. जमिनीचा विषय आहे तिथेच आहे. पण पुढच्या पहिल्या रविवारी ताट आलं, तेव्हा मी तुकडा उचलला. हाताला कुलंटचा वास होताच.

आणि हो, येशूचं ते शेवटचं जेवण गुरुवारी झालं असं परंपरेने मानतात. आमच्या सुट्टीच्या वारी!

आता कॅन्टीनमध्ये डबा उघडण्याआधी मी एकदा मागे वळून बघतो, कोणी यायचं राहिलंय का. तुम्हीही बघा. भेटू पुढच्या भागात.