बुचाने दिलेला इशारा

स्मरणिकेसाठी लेख मागितला असता टोमॅटो सॉसवर लिहून पाठविणाऱ्या डॉक्टरकडे संपादक मंडळ कोणत्या नजरेने पाहील, याची मला कल्पना आहे. तथापि ‘‘डॉक्टर, सॉस घरचा आहे, मग चालेल ना?’’ हा प्रश्न दवाखान्यात इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर द्यावे असे वाटले. हे उत्तर मी शिकलो ते आईच्या स्वयंपाकघरात, आणि तेही एक चूक करून.

बडोद्यात थंडी पडली की खंडेराव मार्केटमध्ये टोमॅटोचे ढीग लागत. आई त्यांतून लालभडक, पिकलेले, पण न फुटलेले टोमॅटो निवडून आणी. हिरव्या देठाचा एकही चालत नसे. फोडी करून त्या पाण्याचा थेंबही न घालता स्टीलच्या पातेल्यात शिजवायच्या व चाळणीवर घासून साल-बिया वेगळ्या करायच्या. कल्हई उडालेले पितळी पातेले ती या कामाला कधीही घेत नसे. आंबट पदार्थ त्यात कळकतो, एवढेच तिचे स्पष्टीकरण असे. एक किलो रसाला 75 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम मीठ, 50 ग्रॅम कांदा, थोडे आले-लसूण, लवंग, दालचिनी, मिरी आणि सुकी लाल मिरची असे साधारण प्रमाण. कांदा-लसूण व मसाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधून रसात सोडायचा आणि शेवटी पुरचुंडी पिळून काढून टाकायची. साखरेचा तिसरा हिस्सा आरंभी, म्हणजे रंग टिकतो. मीठ मात्र अखेरीस, कारण आधी घातले तर तो फिका पडतो. रस आटून एक तृतीयांश झाला, की बशीत थेंब टाकून पाहायचा. थेंबाभोवती पाणी सुटले नाही म्हणजे सॉस झाला. व्हिनेगर सर्वांत शेवटी. आधी घातले तर त्याचे आम्ल वाफेबरोबर उडून जाते.

दुसऱ्या शेगडीवर, तळाशी जुने फडके घातलेल्या पातेल्यात, बाटल्या अर्धा तास उकळत असत. पुढे शस्त्रक्रियागृहात प्रथम पाऊल टाकले तेव्हा तेथील निर्जंतुकीकरणाचा विधी मला मुळीच परका वाटला नाही.

मी निवासी डॉक्टर असताना वडिलांना रक्तदाब व मधुमेह दोन्ही निघाले. नव्या विद्येच्या उत्साहात मी आईला फर्मावले, ‘‘यंदा साखर-मीठ निम्मे कर, आणि व्हिनेगर तर घालूच नकोस. बाबांना आम्लपित्ताचा त्रास होतो.’’ आईने एकवार माझ्याकडे पाहिले आणि तसेच केले. नवव्या दिवशी पहाटे फडताळातून फटकन आवाज आला. एका बाटलीचे बूच उडाले होते आणि फेस ओघळून खालच्या कप्प्यातील पापडांच्या डब्यावर आला होता. आईने उरलेल्या अकराही बाटल्या, चव न घेता, मोरीत रिकाम्या केल्या. मला ती एक शब्दही बोलली नाही. वडील मात्र दोन दिवस हसत होते.

फसफसणे हे बहुधा यीस्टचे काम. ते निदान आवाज करून सावध करते. खरी भीती बोटुलिनमच्या जिवाणूची. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत, हवाबंद बाटलीत ते वाढू शकतात, आणि वास वा चव बदलेलच याची शाश्वती नाही. सामू 4.6 च्या खाली असेल तर मात्र त्यांची वाढ होत नाही. टोमॅटो नेमका या सीमारेषेच्या आसपास असतो. अतिपक्व फळात आम्लता आणखी कमी होते आणि कांदा-लसूण तिला अधिकच ढिली करतात. म्हणजे मी आईला जो पहारेकरी काढून टाकायला सांगितला, तोच घर राखीत होता. सोडियम बेंझोएटदेखील आम्ल माध्यमातच काम करते. आम्ल वगळून ते घालणे व्यर्थ आहे.

तेव्हा रुग्णांना मी असे सांगतो: साखर-मीठ कमी करा, व्हिनेगर कमी करू नका. थोडा थोडा करा, फ्रीजमध्ये ठेवा, महिन्याच्या आत संपवा. फुगलेले झाकण वा फेस दिसला तर चाखून पाहू नका. वरील प्रमाणाच्या सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 0.4 ग्रॅम मीठ आणि तीन ग्रॅमच्या आसपास वरची साखर असते. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लक्षात घेता एक चमचा क्षम्य आहे. पण मुले सॉसला भाजीप्रमाणे वाढून घेतात, त्याचे काय? शिजविल्याने टोमॅटोतील लायकोपिन शरीराला अधिक सुलभतेने मिळते हे खरे, परंतु ‘क’ जीवनसत्त्व घटते. मूत्रपिंडाच्या ज्या रुग्णांना पोटॅशियम वर्ज्य आहे, त्यांना आटविलेला टोमॅटो घरचा असला तरी नको.

पुढच्या हिवाळ्यात आईने पुन्हा सॉस केला. त्यात एक छोटी बाटली निराळी होती. मीठ निम्मे, साखर नाममात्र, व्हिनेगर पूर्ण. तिच्यावर औषधाच्या बाटलीवर चिकटवावी तशी कागदाची पट्टी लावून आईने लिहिले होते: ‘बाबांची. फ्रीजमध्येच. डॉक्टरांना विचारू नये.’