रिपोर्टमधला ‘वाकडा’ हिप्पोकॅम्पस

आकडी येणाऱ्या मुलाला घेऊन नागोठण्याहून पनवेल नाहीतर मुंबई गाठायची, एमआरआय करून घ्यायचा आणि परतीच्या एसटीत रिपोर्ट उलगडून बसायचं. त्यात ‘डावा हिप्पोकॅम्पस नीट वळलेला नाही’ अशा अर्थाची ओळ असली, की घरी पोचेपर्यंत त्याचं ‘पोराचा मेंदू फिरलाय’ झालेलं असतं.

मेंदू फिरत नाही. हिप्पोकॅम्पस दोन असतात, कानांच्या पातळीवर खोल आत, डावा आणि उजवा, प्रत्येकी 4-5 सेंटिमीटर लांब. नव्या आठवणी पक्क्या करण्याचं काम त्यांचं. गर्भात हा भाग आधी सपाट असतो आणि साधारण 20 ते 30 आठवड्यांच्या काळात आत गुंडाळला जातो. डावी बाजू यात थोडी मागे असते, आणि काहींची ती अर्धवटच राहते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात 2 हजारांहून अधिक तरुण मुलामुलींचे एमआरआय पाहिले, तेव्हा डावीकडे सुमारे 17 टक्के आणि उजवीकडे 6 टक्के जणांत ही स्थिती आढळली. म्हणजे ही ओळ एकटी असेल, तर तिला आजार म्हणायची घाई करू नये.

मात्र दोन्ही अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम जन्मतः नसेल, किंवा मेंदूच्या घड्याच नीट पडल्या नसतील, तर हिप्पोकॅम्पसही बहुधा उभट, गोलसर दिसतो. अशा मुलाच्या आकडीचं किंवा उशिरा बोलण्याचं खापर एकट्या हिप्पोकॅम्पसवर फोडता येत नाही. सगळा मेंदू पाहावा लागतो.

‘सीटी नॉर्मल आलाय, मग परत खर्च कशाला?’ हा सर्वांत महागात पडणारा समज. सीटीत रक्तस्राव आणि कॅल्शियमचे डाग छान दिसतात. हिप्पोकॅम्पसचे थर दिसत नाहीत. एमआरआयसुद्धा कसा काढला यावर बरंच ठरतं. अळूवडीचा उंडा आडवा कापला तरच आतली वळणं दिसतात; हिप्पोकॅम्पसचंही तसंच. त्याच्या लांबीला काटकोनात 2-3 मिलिमीटरचे पातळ छेद लागतात, नेहमीच्या 5 मिलिमीटरच्या जाड छेदांत बारीक दोष निसटतो. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ न लिहिता ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ लिहून घ्यावं. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. लहानग्यांना गुंगी देतात ती ते हलू नयेत म्हणून.

हिप्पोकॅम्पस आक्रसून कडक होणं हा बहुतेक वेळा जन्मजात दोष नसतो. त्यात तो लहान होतो, एमआरआयच्या काही प्रकारच्या चित्रांत पांढरा चमकतो आणि आतले थर पुसले जातात. अपुरा वळलेला हिप्पोकॅम्पस वाकडा दिसला तरी चमकत नाही. हा फरक नेमका ओळखणं महत्त्वाचं, कारण पहिल्या प्रकारात औषधांनी आकडी थांबत नसेल तर शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. आणि तापात एकदा आलेल्या छोट्या आकडीने हिप्पोकॅम्पस खराब होतो, हेही खरं नाही. धोका असतो तो अर्धा-अर्धा तास न थांबणाऱ्या आकडीत.

हिप्पोकॅम्पस नीट न वळण्याशी गर्भारपणी ग्रहणात विळी हातात घेतल्याचा काडीचाही संबंध नाही. कारणं असतात ती जनुकांतले बदल, गर्भारपणातला सायटोमेगॅलोसारखा विषाणूसंसर्ग, गर्भाच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं. पुष्कळदा कारण सापडतही नाही. ‘फॉलिकच्या गोळ्या चुकल्या का?’ असं विचारत आया स्वतःला कोसत राहतात. त्या गोळ्या जपतात ती मज्जानलिका, आणि ती पहिल्या 28 दिवसांतच मिटते. हिप्पोकॅम्पसचं वळण त्याच्या कितीतरी नंतरचं. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी ‘सगळं ठीक’ सांगते तेव्हा हे वळण पुरं व्हायचंच असतं, त्यामुळे तिथे चूक झाली असंही नाही.

साधारण सहा महिने ते दीड वर्ष या वयात मेंदूतला पांढरा भाग अजून पिकत असतो आणि काही दोष त्या काळात लपतात. म्हणून आकडी चालूच राहिली तर वयाच्या दोन वर्षांनंतर पुन्हा एमआरआय सांगतात. तेव्हा नुसता कागद नेऊन भागत नाही, पहिल्या तपासणीची सीडीही न्यावी.