पवईची विद्या आणि कातळावरची तार

पवई येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्युत् अभियांत्रिकी विभागाविषयी पूर्णगडासारख्या गावी बोलण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. आपल्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला मुचकुंदीची खाडी आणि वर उघडा कातळ. पवई कोठे नि आपण कोठे! तथापि ती संस्था सरकारी तिजोरीवर चालते, आणि मासळी विकणारी बाई काडेपेटी घेते तेव्हा त्या तिजोरीत तिचाही पैसा पडतो. तेव्हा तेथे काय शिकवितात, काय शोधतात व त्यातून आपल्या पदरी काय येते, हे विचारण्याचा हक्क पूर्णगडालाही आहे. आम्ही कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. वीज कामगारांच्या संघटनेचे काम करता करता जेवढे वाचले आणि जाणत्यांना विचारून घेतले, तेवढ्याच्या बळावर हा विषय मांडीत आहोत.

गिरणीच्या दारातून आलेली विद्या

यंत्रविद्येचे शिक्षण मुंबईत मुख्यतः गिरण्यांच्या गरजेतून उभे राहिले. १८८७ साली भायखळ्यास व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती कापड गिरण्यांना जाणकार माणसे मिळावीत म्हणून. १९२३ साली ती माटुंग्यास गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करून आहे. १९११ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विद्युत् तंत्राचा विभाग सुरू झाला, आणि १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. दोन्ही कामांमागे जमशेटजी टाटांची कल्पना होती. दोन्ही पाहण्यास ते हयात नव्हते. रत्नागिरी जिल्ह्याच्या घराघरांतून माणूस ज्या गिरण्यांत गेला, त्यांची चाके या विद्येने फिरली, एवढे ध्यानात घेतले म्हणजे विषय परका वाटत नाही.

पवईच्या संस्थेचा पाळणाही गिरणीवाल्यांच्याच घरी हलला. जुलै १९५८ मध्ये तिचे पहिले वर्ग भरले ते वरळीला, कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांच्या संशोधन संघाच्या, म्हणजे 'सस्मिरा'च्या इमारतीत. ३,४०० वर अर्ज आले होते, त्यांतून १०० विद्यार्थी घेतले गेले. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईस कोनशिला बसविली. युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएट रशियाने यंत्रसामग्री दिली, तज्ज्ञ पाठविले. देश गरीब होता. तरी त्याने ही जोखीम पत्करली, कारण धरणे बांधली तरी त्यांतून निघणारी वीज हाताळणारी माणसे उसनी किती दिवस आणणार?

दोन प्रकारची वीज

विद्युत् अभियांत्रिकीचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. एका भागात वीज ही ताकद असते: ती पंप चालविते, बर्फाचा कारखाना चालविते. दुसऱ्या भागात वीज हा निरोप असतो: रेडिओ, टेलिफोन, संगणक. पहिल्या भागात हजारो अँपिअरांचा व्यवहार, तर दुसऱ्यात अँपिअरच्या लक्षांशाचा. पवईच्या विभागात दोहोंचे अध्यापन आणि संशोधन चालते. वीजजाळे, नियंत्रणशास्त्र, दळणवळण, सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकी अशा शाखा तेथे आहेत.

निरोपाच्या बाजूचे काम आधी सांगतो. सूक्ष्म इलेक्ट्रॉनिकीचा गट तेथे प्रा. जुझर वासी, प्रा. अरुण चांदोरकर, प्रा. दिनेश शर्मा आदींनी वाढविला. २००६ साली सरकारच्या पैशाने पवई आणि बंगलोर येथे नॅनोइलेक्ट्रॉनिकीची केंद्रे उभी राहिली. आमच्या दृष्टीने त्यांतील मोठी गोष्ट पुढची: देशातील अन्य कॉलेजांच्या संशोधकांना ही महागडी यंत्रे वापरावयास देण्याची योजना निघाली. हत्यार एकाच्या कपाटात कुलूपबंद राहिले तर ते गंजते, हे कामगाराला सांगावे लागत नाही.

२०१९ मध्ये प्रा. माधव देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, जाहीर झाला. तो मोहालीच्या सरकारी प्रयोगशाळेत घडविला गेला. त्यावरील रेघा १८० नॅनोमीटर मापाच्या. माणसाच्या केसाच्या जाडीचे सुमारे चारशे भाग केले तर त्यांतला एक. जगातील अद्ययावत चिपा याहून कितीतरी सूक्ष्म आणि वेगवान आहेत. परंतु परक्याकडून घेतलेल्या चिपेच्या पोटात काय दडले आहे ते कळत नाही. आपण रचलेल्याचे कळते.

तिसरे उदाहरण आपल्या कोकणाच्या उत्तर टोकाचे, पालघर जिल्ह्याचे. दूरदर्शनसाठी राखलेल्या लहरींपैकी बहुतेक वापराविना पडून आहेत, हे प्रा. अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेबाने दाखविले: ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील १५ वाहिन्यांपैकी जवळजवळ सर्वत्र किमान १२ रिकाम्या होत्या. या लहरी लांब पल्ल्याच्या; झाडीतून आणि कुडाच्या भिंतीतून त्या बऱ्याच पार होतात. त्यांच्यावरून खेड्यांत इंटरनेट पोचविण्याचा प्रयोग पालघरमधील काही गावांत झाला. पुढे दुसऱ्या लहरींची जोड देऊन 'ग्राममार्ग' या नावाने तो २५ गावांपर्यंत गेला, आणि २०१७ साली मोझिला या संस्थेच्या जागतिक स्पर्धेत त्यास पारितोषिक मिळाले. डोंगर, खाडी आणि माडांच्या बागा यांतून वाट काढणारी ही युक्ती आपल्याही उपयोगाची आहे, हे सांगणे न लगे.

नाडी मोजणारे यंत्र

आता ताकदीची बाजू. साऱ्या देशाची वीज आज एका जाळ्यात बांधलेली आहे. पोफळीचे जनित्र आणि पंजाबातले जनित्र एका ठेक्यावर फिरते. सेकंदाला ५० आवर्तने. एकाचा ठेका चुकला तर इतरांवर ताण येतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचे जाळेही त्याबरोबर गेले, आणि साठ कोटींच्या आसपास लोकांचा मुलूख अंधारात सापडला.

असे पुन्हा होऊ नये म्हणून उपकेंद्रांत नवी मोजयंत्रे बसविण्यात आली. ती उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून सेकंदाला २५ वेळा जाळ्याची नाडी पाहतात, म्हणून दूरदूरच्या ठिकाणांची एकाच क्षणाची स्थिती शेजारी ठेवून ताडता येते. पॉवरग्रिड या सरकारी कंपनीबरोबर पवईच्या विभागाने या नोंदींचा अर्थ लावणारी संगणकीय साधने तयार केली. शिवाय २००३ पासून अशा संस्थांनी मिळून आपली व्याख्याने सर्वांस फुकट खुली केली आहेत. वीजजाळ्याच्या संरक्षणावरील प्रा. सोमण यांची व्याख्याने आम्ही त्यातूनच ऐकली. इंग्रजी आणि गणित जड गेले. पण परीक्षा न देता वर्गात बसता आले, हे थोडे नव्हे.

कातळावरची तार

या संरक्षणशास्त्राचा एक प्रश्न थेट आपल्या सड्यावरचा आहे. जून २०२० चे 'निसर्ग' आणि मे २०२१ चे 'तौक्ते' ही वादळे आपण पाहिली; खांब आडवे झाले, तारा तुटल्या. तुटलेली तार जमिनीवर पडली की उपकेंद्रातील ब्रेकरने आपोआप वीज तोडावी, अशी आपली समजूत असते. ती नेहमी खरी ठरत नाही. का, ते समजून घेऊ.

ब्रेकरला हुकूम देणारे यंत्र म्हणजे रिले. रिले प्रवाह मोजतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर वीज तोडावयास लावतो. समजा, ११,००० व्होल्टच्या फीडरवर सायंकाळी १५० अँपिअर प्रवाह नित्याचा आहे. तर मर्यादा त्याच्या वर ठेवणे भाग. तार दुसऱ्या तारेवर पडली तर प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढतो आणि रिले क्षणात जागा होतो. परंतु तीच तार सुक्या कातळावर पडली तर? कातळ विजेला सहजी वाट देत नाही. साधारण तेवढ्याच दाबाच्या तारा जमिनीवर टाकून परदेशात प्रयोग झाले आहेत. सुक्या वाळूवर प्रवाह जवळजवळ शून्य, सुक्या गवतावर सुमारे २५ अँपिअर, सळयांच्या काँक्रीटवर सुमारे ७५, असे आढळले. १५० च्या फीडरवर २५ ची भर म्हणजे नित्याचा भार थोडा वाढल्यासारखी किरकोळ बाब, असे रिलेला वाटते. जमिनीकडे जाणारा प्रवाह वेगळा मोजणारे रिले असतात. पण खेड्यातल्या फीडरवर तिन्ही तारांचा भार मुळातच असमान असतो, म्हणून त्यांचीही मर्यादा फार खाली ठेवता येत नाही. इकडे माणसाला मरण यावयास अँपिअरच्या दहाव्या हिश्शाहून कमी प्रवाह पुरतो. यंत्राच्या लेखी फीडर धडधाकट, आणि कातळावर मृत्यू पसरलेला.

जगभरच्या विद्युत् विभागांत या प्रश्नावर अनेक दशके संशोधन चालू आहे. पुरते उत्तर अजून सापडलेले नाही. अशा तारेतून उडणाऱ्या ठिणग्यांमुळे प्रवाहाचा आलेख खडबडीत होतो. तो खडबडीतपणा ओळखणारे रिले बनविण्याचा यत्न चालतो. अडचण अशी की वेल्डिंगचे यंत्र चालले तरी आलेख खडबडीतच होतो. वरचेवर उगाच वीज तोडणारा रिले कोणीतरी कंटाळून बंद करून ठेवील, मग तो असून नसल्यासारखा. आवरण घातलेल्या तारा किंवा जमिनीखालील केबल हा दुसरा मार्ग. तो खर्चाचा आहे.

आमचे म्हणणे येथे येते. या प्रश्नाची निम्मी माहिती पवईच्या संगणकात आहे. उरलेली निम्मी लाइनमनच्या डोक्यात आहे. कोणत्या वळणावर कोणत्या पावसात तार तुटते, ती कशावर पडली असता वीज तुटली आणि कशावर पडली असता तुटली नाही, हे त्याला ठाऊक असते. तो बहुधा कंत्राटी. वर्ष संपले की दुसऱ्या गावी किंवा घरी. त्याचे ज्ञान कोणत्याही वहीत उतरत नाही. विभागाच्या विद्यार्थ्याने पावसाळ्यातले पंधरा दिवस लाइनमनबरोबर काढावेत आणि ते त्याच्या परीक्षेत धरावेत, अशी आमची मागणी आहे. पारितोषिके मिळाली, चिपा निघाल्या, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु कातळावरची तार ज्या दिवशी पडताक्षणी मरेल, त्या दिवशी विभागाचे ऋण फिटले असे आम्ही म्हणू.

तोवर गावाने काय करावे

पडलेली तार जिवंतच समजावी, मग गावात अंधार असो वा नसो. पंधरा-वीस पावलांच्या आत जाऊ नये. तारेभोवतीच्या जमिनीतही वीज पसरलेली असते, आणि एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत तिचा दाब बदलतो; जेवढी टांग लांब तेवढा धक्का मोठा. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त, आणि मधल्या वाटेवर काळीज; म्हणून माणूस वाचतो तेथे बैल मरतो. नकळत जवळ गेलेच तर पाय जुळवून, पाऊल न उचलता घसटत मागे यावे. तारेला चिकटलेल्याला हाताने ओढू नये. आधी उपकेंद्रातून वीज बंद करवावी.

आणि एक वही करावी. तार केव्हा पडली, कोठे पडली, खाली कातळ होता की भात की रस्ता, आणि वीज आपोआप गेली की फोन करून बंद करवावी लागली, एवढ्या चारच गोष्टी तीत लिहाव्यात. दहा गावांनी पाच पावसाळे अशा वह्या ठेवल्या तर पवईच्या संशोधकाला विकत मिळणार नाही असा ऐवज जमेल. लिहिण्याचे काम गावाने घ्यावे. त्या वह्या पवईच्या दारात नेऊन देण्याचे काम आमच्या संघटनेने पत्करले आहे.