स्क्रीन धुताना घाई नको!

मैत्रिणींनो, घरबसल्या करण्याजोग्या उद्योगांत स्क्रीन प्रिंटिंगचं नाव हमखास निघतं. मी संगमनेरला राहत्या घरातच हे काम करते. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं आणि २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून दुकानदारांच्या कापडी पिशव्या. शिकायला येणाऱ्या बायकांचं सगळं लक्ष शाईकडे असतं. पण अक्षर नीट उठणार की नाही, हे त्याआधी मोरीतच ठरतं. स्क्रीन धुताना!

कारण साधं आहे. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला आपण इमल्शन लावतो आणि अंधारात वाळवतो. त्यावर मजकुराची फिल्म ठेवून उजेड दिला, की उजेड लागलेला भाग कडक होतो. काळ्या अक्षरांखालचा भाग मऊच राहतो, तो पाण्याने निघून जातो. त्या मोकळ्या जागेतून पुढे शाई उतरते. म्हणून एक्स्पोज झालेली स्क्रीन उन्हात न नेता लगेच धुवायची.

आधी दोन्ही बाजू गार पाण्याने भिजवून मिनिटभर नुसतं थांबायचं. मग हलकी धार सोडायची. ब्रश नको, नख नको. पत्रिकेत खरी परीक्षा असते ती ‘चि. सौ. कां.’ची. टिंबं आणि अनुस्वार सगळ्यात शेवटी उघडतात. स्क्रीन उजेडाकडे धरून एकेक टिंब बघायचं. एक अनुस्वार बुजला, तर सगळ्या पत्रिकांवर तो तसाच जाणार! आतल्या बाजूचा बुळबुळीतपणा पूर्ण गेला पाहिजे, नाहीतर तोच ओघळून वाळतो आणि उघडलेली अक्षरं परत बंद होतात. धुताना सगळा थरच सुटून आला, तर समजावं की उजेड कमी पडला. बारीक अक्षरं उघडतच नसतील, तर उजेड जास्त झाला. अशा वेळी जोर लावून काही होत नाही. स्क्रीन नव्याने करावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते पिवळं पाणी. स्वस्तातल्या इमल्शनमध्ये नारिंगी रंगाचं बायक्रोमेट मिसळतात. त्यात विषारी क्रोमियम असतं. त्याने हाताला ॲलर्जी होते, जखमा चिघळतात. शिवाय ते कर्करोगालाही कारण ठरतं. पाथर्डी, पारनेरकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा आपला जिल्हा. इथे हिवरे बाजारसारखं गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. अशा ठिकाणी हे पाणी बोअरजवळ, परसात किंवा तुळशीपाशी ओतायचं कसं?

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सुरुवातच बायक्रोमेट नसलेल्या इमल्शनने करा. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर मागून घ्या. थोडं महाग पडतं, पण तो खर्च दरात धरायचा. ‘दुसरीकडे स्वस्त मिळतं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी धुतलेली स्क्रीन दाखवते आणि कारणही सांगते. बऱ्याचदा पटतं. हातमोजे मात्र तरीही घालायचे, स्वयंपाकातली बादली-मग मोरीत आणायचे नाहीत आणि हे पाणीही विहीर-बोअरपासून लांबच ठेवायचं. पत्रिका लोकांच्या घरी जाते, पाणी आपल्याच घरात राहतं ना!