साक्षरता आणि रुग्णाचे आकलन

जनगणनेच्या व्याख्येनुसार सात वर्षे व त्यावरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू-लिहू शकते, ती साक्षर होय. २०११ मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण ८२.३ टक्के होते. दवाखान्यात मात्र हा निकष अपुरा पडतो. नवी मुंबईत तुर्भे वा दिघा येथील कामगारवस्तीतील एखादा रुग्ण कन्नड किंवा हिंदीत साक्षर असतो. त्याच्या हाती पडणारी औषधाची चिठ्ठी इंग्रजीत असते. तीवरील '१-०-१' म्हणजे सकाळी व रात्री एकेक गोळी, 'एसओएस' म्हणजे गरज भासल्यासच, हे पदवीधरालाही (प्रस्तुत लेखकासही) कोणीतरी सांगावेच लागते. २०१६ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्याचा नियम केला. त्यामुळे औषधविक्रेत्याची सोय झाली; रुग्णाची अडचण कायम राहिली.

जामखेडचा अनुभव याहून निराळा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावांनी निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या. चर्चा, प्रात्यक्षिक व वारंवार उजळणी यांतून त्या सुरक्षित बाळंतपण आणि अतिसारावरील जलसंजीवनी शिकल्या. परिसरातील बालमृत्यू लक्षणीय घटले.

यावरून शालेय शिक्षण गौण ठरत नाही. मातेचे शिक्षण वाढते तसे बालमृत्यू कमी होतात, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून सातत्याने दिसते. परंतु "गोळी केव्हा घ्याल, सांगा पाहू" हा प्रश्न साक्षर रुग्णालाही विचारावा लागतो, आणि बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत नेमका तोच राहून जातो.