उसाची ट्रॉली मोजायची कधी?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या रस्त्याचं रूपच बदलतं. राजाराम साखर कारखाना तिथेच. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे केएमटीची शहर बस, रिक्षा आणि फट शोधणाऱ्या दुचाकी. तासाला किती वाहनं गेली, एवढ्या एका आकड्यावरून या रस्त्याचं काहीच कळत नाही.

म्हणून अभियंते सगळी वाहनं मोटारीच्या मापात मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे १. दुचाकींचा वाटा दहा टक्के वा अधिक असेल, तर एक दुचाकी ०.७५. ट्रॅक्टर-ट्रॉली मात्र तुरळक असली तरी ४, आणि वाटा दहा टक्क्यांवर गेला की ५. टांगा आणि हातगाडीलाही त्या तक्त्यात जागा आहे. रस्ता किती रुंद हवा, हे या बेरजेवरून ठरतं.

रस्ता किती जाड हवा, याचा हिशेब वेगळा. तिथे दुचाकी, मोटारी धरतच नाहीत. जड वाहनांच्या आसांवरचा भार पाहतात. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, हा ठोकताळा त्यातून आला. म्हणजे खच्चून भरलेली ट्रॉली रुंदीतही मोजावी लागते आणि जाडीतही. वळणावर तर ती तिसऱ्यांदा त्रास देते: मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते आणि कोपऱ्यावर उभ्या माणसाच्या अंगावर येते. कोपऱ्याची गोलाई आखताना हे ध्यानात घ्यायलाच हवं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मोजणीचा मुहूर्त. शहराबाहेरच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचाच जुना दंडक आहे: वर्षातून निदान दोनदा, सलग सात दिवस, रात्रंदिवस मोजा, त्यातली एक मोजणी सुगी आणि बाजाराच्या ऐन दिवसांत करा. कोल्हापुरात ऊस शहरातच येतो, मग हा दंडक इथल्या रस्त्यांनाही लावावा. मे महिन्यात मोजलं तर ट्रॉली सापडणारच नाही. अंबाबाईच्या देवळाभोवती नवरात्रात मोजावं; बावड्याला डिसेंबरात, आणि रात्रीसुद्धा, कारण कारखान्याच्या वजनकाट्याकडे निघालेले ट्रॅक्टर रात्रीही थांबत नाहीत.